वामनरावांचं पान

४ नोव्हेंबर, मंगळवार

पतसंस्थेची ही डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. आईने तिच्यात गॅस सिलिंडर आल्याच्या दोन तारखा तेवढ्या लिहिल्या आहेत. मधली कोरी पानं ओलांडून मी आज इथून सुरू करते आहे, कारण आज मला कोणाशी तरी भांडायचं होतं आणि घरात भांडायला कोणी तयार नाही.

'वरच्या मजल्यावरचे वामनराव' ही सात भागांची मालिका येत्या रविवारपासून सुरू होते आहे. पटकथा आणि संवाद माझे. बारा वर्षं रेडिओसाठी कूलरच्या आणि लग्नाच्या हॉलच्या जाहिराती लिहिल्यावर छत्तिसाव्या वर्षी माझं काहीतरी टीव्हीवर येणार आहे. गोष्ट एका परग्रहावरच्या माणसाची. माणूस म्हणणं चूक आहे, पण मला दुसरा शब्द सापडलेला नाही. तो नागपुरात येऊन पडतो, एका वारलेल्या भाडेकरूच्या पत्रावरून वामनराव हे नाव उचलतो आणि महाल या जुन्या वस्तीत सिंधूताई नावाच्या बाईंच्या घरी वरची खोली घेऊन अकरा वर्षं राहतो. कोणालाही पत्ता लागत नाही. मग एका मे महिन्यात वीज जाते, सगळी गल्ली घामाने निथळत असते आणि वामनराव कोरडे ठणठणीत. तिथे बिंग फुटतं.

शूटिंग महालातल्याच एका घरात सुरू आहे. मी बाबांना म्हटलं, एक दिवस या, आपल्या मुलीचं काम बघा. बाबा म्हणाले, गर्दी सोसत नाही. दीक्षाभूमीवरची लाखांची गर्दी दरवर्षी सोसते ती कशी, असं विचारलं तर पेपर उघडून बसले. तसे ते महालात कधीच जात नाहीत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जायचं असलं तरी ऑटोवाल्याला लांबून वळसा घालायला लावतात आणि आई रस्ताभर कुरकुरते. म्हातारपणाचे नखरे म्हणून मी सोडून दिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला भाग झाला! इंदोऱ्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात सतरा माणसं. शेजारची पिंकी तिची दोन पोरं, सासू आणि स्वतःच्या घरच्या खुर्च्या घेऊन आली होती. मी मोजून अकरा ठिकाणी हसू येईल असं लिहिलं होतं, लोक चौदा ठिकाणी हसले.

सगळ्यात जास्त हसले ते पंगतीच्या प्रसंगाला. सिंधूताई वामनरावांना जेवायला बोलावतात. जेवण झाल्यावर सगळे हात धुवायला उठतात आणि वामनराव आपली पत्रावळ आपण उचलतात, वर खालची फरशीसुद्धा पुसतात. सिंधूताई ओरडतात की अहो, पाहुण्यानं पान उचलायचं नसतं. तो शिकून आलाय सगळं, पण एक गोष्ट चुकतेच, असा तो विनोद आहे. ही सवय मी बाबांवरून घेतली. बाबा कुठेही, कोणाच्याही लग्नात, आपलं ताट आपण उचलतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आज त्याचा उपयोग झाला.

शेवटी नावं आली. 'पटकथा, संवाद : भावना देवराव'. पिंकीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी विचारलं, "पुढचं कुठं गेलं?"

मी सांगितलं की चॅनलच्या कृष्णकांत सरांनी सुचवलं. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, सोमकुवर म्हणजे तुम्ही कुठले? मी म्हटलं इथलेच. मग ते म्हणाले की पडद्यावर छोटं नाव बरं दिसतं. मलाही ते आधुनिक वाटलं. बाबा जेवले, ताट उचललं, घासलं आणि झोपायला गेले. अभिनंदन वगैरे काही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गल्लीतली पोरं 'वामनराव, वामनराव' खेळतात. खेळ एवढाच, की जेवलं की ताट घेऊन पळायचं आणि फरशी पुसायची. पिंकी म्हणते, तुमच्या मालिकेनं माह्या घरी सुधारणा झाली. बाबा मात्र कालपासून आतल्या खोलीत एकटे जेवतात. आईने कारण विचारलं तर म्हणाले, टीव्हीच्या आवाजाचा त्रास होतो. टीव्ही तेव्हा बंद होता.

चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या की घरच्या माणसाचं कौतुक करायची सवय राहत नसावी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज खरं भांडण झालं.

कृष्णकांत सरांचा फोन आला. दोन भागांना प्रतिसाद चांगला आहे, म्हणून शेवट 'मोठा' करायचा आहे. माझा शेवट त्यांना बारीक वाटतो. माझ्या शेवटात बिंग फुटल्यावरही वामनराव इथेच राहतात. सगळ्या गल्लीला ते कोण आहेत हे माहीत झालेलं असतं, आणि सकाळी दूध घ्यायला ते खाली येतात. संपलं.

त्यांना हवा असलेला शेवट असा : महालक्ष्म्यांच्या जेवणाची पंगत बसलेली. वामनराव सगळ्यांसमोर उभे राहतात, हात जोडतात, म्हणतात, मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा. बायका डोळ्यांना पदर लावतात. वरून प्रकाश येतो आणि वामनराव आपल्या ग्रहावर परत जातात.

मी विचारलं, माफी कशाची? त्यांनी कोणाचं काय वाकडं केलं? अकरा वर्षं सिंधूताईंची औषधं आणली, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवलं. सर शांतपणे म्हणाले, "फसवलं तर आहेच ना भावना. आपण कोण आहोत ते सांगितलं नाही."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अजूनही सुचलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अमोलशी बोलले. अमोल दिग्दर्शक, आपला नागपूरचाच, माझ्याच कॉलेजचा. तो म्हणाला की तुझं बरोबर आहे, पण चॅनलशी पंगा घ्यायची माझी ऐपत नाही. वर हेही सांगितलं की सरांनी मुंबईच्या एका लेखकाकडून तो प्रसंग लिहून घ्यायची तयारी केली आहे. मी लिहिला तर माझं नाव राहील आणि पुढच्या मालिकेचंही बघता येईल.

म्हणजे प्रसंग होणारच. प्रश्न फक्त तो माझ्या हातून होतो की दुसऱ्याच्या.

खरं सांगायचं तर मी डळमळले. मला पुढची मालिका हवी आहे. कूलरच्या जाहिरातींकडे परत जायचं नाही. आणि एक काल्पनिक प्राणी हात जोडून वर निघून गेला तर माझं काय जातं? त्याला ना आई ना बाप. आज तीन तास बसून मी तो माफीचा प्रसंग लिहिला. वाईट म्हणजे चांगला उतरला. लिहिताना मलाच रडू आलं.

३० नोव्हेंबर, रविवार

चौथा भाग झाल्यावर जेवताना मी तो प्रसंग वाचून दाखवला. आई, बाबा आणि मी, एवढेच होतो. बाबांना मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. आईला आवडला. ती म्हणाली, जाऊ दे बापा त्याला त्याच्या घरी, इथं काय ठेवलं आहे.

माफीचं वाक्य आलं तसे बाबा उठले. अर्धी भाकर ताटात होती. ते ताट उचलून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

मला फार राग आला. आवडलं नाही तर तोंडाने सांगावं. मी बसल्या जागेवरून ओरडून म्हटलं की ती तुमची ताट उचलायची सवय मालिकेत घातली म्हणून राग आहे ना, तर आजपासून काढून टाकते, घाला गोंधळ. आईने मला गप्प केलं. मी कागद तिथेच फेकून झोपायला गेले.

६ डिसेंबर, शनिवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी आम्ही तिघं विहारात जाऊन आलो. दुपारी कपडे घालून ठेवायला कपाट उघडलं तर त्या दिवशी फेकलेले कागद तिथे नीट पिनने टाचून ठेवलेले. बाबांनी लाल पेनने वाचले होते. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं होतं, एका ठिकाणी स्वल्पविराम. आणि माफीच्या वाक्यावर आडवी रेघ मारून समासात ती वेटोळ्याची खूण केली होती. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ, हे काढून टाका. ती खूण मी लहानपणापासून ओळखते, माझ्या शाळेच्या निबंधांवर ढिगाने असायची. पण या खुणेवर पेन दोन-तीनदा गिरवलेलं होतं, कागद फाटेपर्यंत.

बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मी कागद घेऊन गेले आणि विचारलं, का काढून टाकू?

त्यांनी कागद माझ्या हातून घेतले. मग जे बोलले ते मी ऐकलं तसं लिहिते.

१९८३ साल. बाबा एकवीस वर्षांचे, पारशिवनीहून नुकते आलेले, महालातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचायला लागलेले. छापखान्याजवळ प्रयागबाई आणि मनोहरराव यांच्या घरी वरची खोली मिळाली. नाव विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं, देवराव पारशिवनीकर. खोटं नव्हतं, पारशिवनीचेच होते. आडनाव सांगितलं असतं तर खोली मिळाली नसती. आधी चार ठिकाणी मिळाली नव्हतीच.

चौदा महिने राहिले. प्रयागबाई मायाळू होत्या. बाबांना ताप आला तेव्हा दोन दिवस पेज करून वर पाठवली. बाबा त्यांच्या घरातलं सगळं बघून बघून शिकले. कधी काय बोलायचं, कुठे चपला काढायच्या, कोणाच्या पाया पडायचं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांना पंगतीत बसवलं, थेट मनोहररावांच्या शेजारी. सगळं ठीक झालं. जेवण संपलं. मंडळी उठली. आणि बाबांच्या हाताने आपलं पान उचललं आणि खालची जागा पुसली.

"मी नाही वं उचललं," बाबा म्हणाले. "हातानं उचललं."

आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, पण पोट गावातच होतं आणि मजुरी मालकाच्याच शेतावर. मालकाकडे लग्न असलं की आजी बाबांना घेऊन जायची. गोठ्याजवळ बसायचं, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, आपलं पान आपण उचलायचं आणि जागा सारवून यायचं. बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. पुढे शाळेत गेले, शहाणे झाले, ते जाणं सोडलं. हाताने सोडलं नव्हतं.

प्रयागबाईंनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, पारशिवनीत कोणत्या मोहल्ल्यात घर आहे? चौथ्या दिवशी मनोहररावांनी घरातली माणसं आणि बाकीचे भाडेकरू अंगणात जमवले. बाबांना खाली बोलावलं. आम्ही काही तुम्हाला हाकलत नाही, म्हणाले. तुम्ही फसवलं एवढं कबूल करा आणि सगळ्यांची माफी मागा. बाबांनी हात जोडले आणि माफी मागितली. मग संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलं.

"खोलीचं काही नाही. खोली मले इंदोऱ्यात आठ दिवसांत भेटली. पण मी हात जोडले. काय केलं होतं मी? पोरगी पळवली? चोरी केली? कोणी गुन्हा सांगतला नाही आन् मी माफी मांगून आलो. एक्केचाळीस वर्षं झाली, तो शब्द वापस घेता येऊन नाही राहिला."

त्या उचललेल्या पानावर मी सगळ्यात मोठा हशा घेतला होता. मी वामनराव बनवला म्हणून गल्लीभर मिरवत होते आणि वामनराव माझ्या घरी आतल्या खोलीत एकटे जेवत होते. मी तोंड उघडलं आणि 'बाबा, मला माफ' एवढंच बोलले तर ते म्हणाले, "तू त नोको मांगू."

आई दारात उभी होती. तिलाही हे आज पहिल्यांदा कळलं. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "अडतीस वर्षं मले ऑटोत वळसा घालाले लावला, आन् काहून ते सांगतलं नाही." मग चहा ठेवायला आत गेली आणि तिथे मात्र बराच वेळ भांडी आपटत होती.

७ डिसेंबर, रविवार

आज सकाळी सातला कृष्णकांत सरांना फोन लावला. झोपेत होते. मला उत्तर सुचलं होतं आणि ते थंड होऊ द्यायचं नव्हतं.

मी सांगितलं, वामनरावांनी आपण कोण ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर खोली मिळाली नसती. ज्यांनी अशी अट घातली त्यांनी माफी मागावी, हवी असेल तर. माझा वामनराव मागणार नाही आणि कुठे जाणारही नाही. दुसरी गोष्ट, पुढच्या प्रत्येक भागात माझं नाव पूर्ण जाईल. भावना देवराव सोमकुवर. करारात तसंच आहे, पडद्यावर मावत नसेल तर अक्षर बारीक करा.

ते म्हणाले, नावाचं करून देतो. प्रसंगाचं मात्र ठरलेलं आहे. मुंबईहून लिहून आलेला आहे, शुक्रवारी शूट आहे, मी स्वतः येतो आहे. आणि वर, पुढच्या मालिकेविषयी आपण नंतर बोलू. ज्या सुरात म्हणाले त्यावरून पुढची मालिका गेली असं समजायला हरकत नाही.

गेली तर गेली. कूलर कुठे पळून जात नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

मी माझा प्रसंग पुन्हा लिहिला, पण या वेळी पंगतीतच. वामनराव जेवतात, उठतात आणि पान तिथेच ठेवून वर जातात. अंकितला नेऊन दिला. अंकित म्हणजे आमचा वामनराव, पोरगा गुणी आहे, मूळचा खाप्याचा. त्याने वाचला, डोळे पुसले आणि म्हणाला की मॅडम, मी दोन्ही पाठ करतो, पण सर सांगतील तोच करावा लागेल. मी त्याला दोष देत नाही. दिला तरी उपयोग नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "उद्या पंगतीत बसाले माणसं लागतीन ना?"

मी आईकडे बघितलं. आई त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ऑटोवाला सवयीने वळणार तसं बाबांनी त्याला सांगितलं, सरळ घे. बडकस चौकाच्या अलीकडे एका गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. जिथे प्रयागबाईंचं घर होतं तिथे आता चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. बाबा उतरले नाहीत. बसल्या बसल्या म्हणाले, "पायऱ्या उजव्या अंगाले होत्या." मग ऑटो पुढे गेला.

पंगतीला गल्लीतली चाळीसेक माणसं होती. पळसाच्या पत्रावळी, आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, सगळं खरं शिजवलेलं, कारण अमोलला वाफ खरी हवी होती. बाबा अंकितपासून तिसऱ्या पानावर बसले. ते कोण, हे मी कोणालाही सांगितलं नाही. कृष्णकांत सर मॉनिटरच्या पडद्यासमोर कानाला हेडफोन लावून बसले होते. मला त्यांनी मान हलवून नमस्कार केला. मी उभीच राहिले.

मुंबईचा प्रसंग सुरू झाला. अंकित उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मी तुम्हा सर्वांना फसवलं. मला माफ—"

"काहून गा?"

आवाज मोठा नव्हता. बाबांनी भाताचा घास हातातच धरला होता आणि ते अंकितकडे बघत होते, टीव्हीतल्या नटाकडे बघतात तसं नाही, गावाकडून आलेल्या पुतण्याकडे बघतात तसं.

"कशाची माफी मांगून राहिला? काय घेतलं तू यांचं?"

मला वाटलं आता अमोल कट म्हणेल. अमोलने हात वर केला आणि वरच ठेवला. कॅमेरा चालू होता. पंगतीतली माणसं बाबांकडे, मग अंकितकडे बघायला लागली. अंकितचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. तो परत पाटावर बसला. पानात भात राहिला होता तो त्याने सगळा संपवला, घाई न करता, शेवटच्या शितापर्यंत. मग उठला.

सिंधूताईंचं काम करणाऱ्या बाई चाळीस वर्षं रंगभूमीवर आहेत. वाढायचं भांडं हातात घेऊन त्या पुढे झाल्या आणि कोणत्याही कागदावर नसलेला प्रश्न विचारला, "आता कुठं जासान, वामनराव?"

"कुठंच नाही," अंकित म्हणाला. आता तो माझं वाक्य बोलत होता. "वरच्या मजल्यावर आहो. काम असलं त आवाज द्या."

बाईंनी खाली बघितलं. "आन् पान?"

"पाहुण्यानं पान उचलाचं नसते. तुम्हीच सांगतलं होतं, सिंधूताई."

आणि तो गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजत राहिली. मग बाबा उठले. मी त्यांचा उजवा हात बघत होते. तो खाली गेला, पानाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. बोटं आवळली गेली. बाबा ताठ उभे राहिले, पान होतं तिथेच ठेवलं आणि हात धुवायला गेले. त्यांच्यामागे मग सगळी पंगत उठली.

अमोलने कट म्हटलं. कृष्णकांत सरांनी हेडफोन काढले. मग मला विचारलं, तो म्हातारा ज्युनिअर आर्टिस्ट कुठला?

मी म्हटलं, "देवराव सोमकुवर. माझे वडील आहेत. कुठले म्हणाल तर पारशिवनीचे."

ते म्हणाले, बघतो एडिटिंगमध्ये काय करता येतं. मुंबईचा प्रसंगही त्यांनी पुन्हा पूर्ण शूट करून घेतला, हात जोडून, प्रकाशासकट. म्हणजे दोन्ही त्यांच्या खिशात आहेत आणि निर्णय त्यांचा. पण आज जे झालं ते आता कोणी काढून टाकू शकत नाही, कुठलीही खूण करून नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

काही कळवलं नाही. अमोल फोन उचलत नाही. बाबा दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत जेवतात. आईने विचारलं, आवाजाचा त्रास होत नाही का आता? बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ डिसेंबर, रविवार

शेवटचा भाग. पिंकी, तिची पोरं, सासू, खुर्च्या, सगळं आलं. दारात आणखी माणसं उभी होती. मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले, कारण प्रकाश वरून यायला लागला तर मला बघायचा नव्हता.

मग पिंकीची सासू म्हणाली, "अगं बाई, हे त आपले देवराव."

मी धावत बाहेर आले. पडद्यावर बाबा होते. फक्त खांदा आणि अर्धा चेहरा, पण आवाज पूर्ण. काहून गा. कशाची माफी मांगून राहिला. घरात कोणी हसलं नाही. वामनराव जेवले, उठले, पान ठेवून वर गेले. पावलं वाजली. प्रकाश आलाच नाही. कॅमेरा शेवटपर्यंत त्या पडून राहिलेल्या पानांवर होता आणि त्यावरून नावं सरकली. 'पटकथा, संवाद : भावना देवराव सोमकुवर'. अक्षर बारीक न करता एका ओळीत मावलं. बाबा पुढे वाकून वाचत होते, चूक शोधताना वाचतात तसं, अक्षर अक्षर.

"बरोबर हाये," ते म्हणाले.

अमोलचा फोन आला. सरांनी शेवटच्या दिवशी मुंबईचा प्रसंग स्वतः कापला, कोणाला विचारलं नाही. पुढच्या मालिकेचं काही बोलले नाहीत. मीही विचारणार नाही. मला त्यांचे आभार मानायचे नाहीत. जे आमचं होतं ते त्यांनी आमच्याकडे राहू दिलं, एवढंच.

सगळे गेल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. जेवण झालं आणि बाबांनी सवयीने ताट उचललं. आई म्हणाली, "आता त काहून उचलता? तुमच्या वामनरावानं ठेवलं ना तिथंच."

"त्याले तिथं नव्हतं उचलाचं," बाबा म्हणाले. "हे माह्यं घर आहे. इथं मी माह्या मनानं उचलतो."

मग जाता जाता त्यांनी आईचं ताट आपल्या ताटावर ठेवलं आणि माझ्या ताटासाठी हात पुढे केला. मी दिलं.